ओळीतला शेवटचा

१

बुआवान गावात शिस्तीची म्हणून प्रसिद्ध होती. रस्त्याच्या कडेला तिची चटई पसरली, की विहाराचा ढोल आता वाजणार असं खुशाल समजावं. शेजारची चंथी म्हणायची, "ढोल वाजवणारा हिच्याकडे बघूनच वाजवतो. हिला एक दिवस ताप आला, तर मेकाँगच्या या काठाला उजाडायचं नाही."

पण बुआवान जन्माला येताना ही शिस्त घेऊन आली नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा तिच्याइतकी झोपाळू सून पंचक्रोशीत सापडली नसती. सासू चिकट भात वाफवून, भिक्खूंना घास घालून, पाणी सोडून घरी परतायची, तरी ही मच्छरदाणीत पालथी पडलेली. सासूने टोमणे मारले, नवऱ्याने विनवण्या केल्या. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

तिची झोप मोडली ती तुईने. तुई तिचा एकुलता एक मुलगा. सात-आठ वर्षांचा झाल्यावर त्याला विहारात ठेवला. चार अक्षरं शिकेल म्हणून ठेवला आणि घरात दोन वेळची हातातोंडाची गाठ पडेना म्हणूनही ठेवला. डोक्यावरचे केस गेले, अंगावर चीवर आलं, आणि त्या दिवसापासून तो तिचा राहिला नाही. भिक्खूला आईनेसुद्धा शिवायचं नाही, मग कुशीत घेणं दूरच. तिला एकच गोष्ट करता येण्यासारखी होती. पहाटे रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसायचं आणि भिक्खूंची ओळ समोरून जाताना प्रत्येकाच्या पात्रात भाताचा एकेक घास टाकायचा. ओळीत थोरले पुढे, मग तरुण, मग पोरं. तुई सगळ्यांत धाकटा, म्हणून अगदी शेवटी. मान वर करून तोंड बघायची रीत नाही. तिला दिसायची ती त्याची अनवाणी पावलं आणि पात्र धरलेली बोटं. तेवढ्यासाठी ती अंधारात उठायला लागली.

पुढे चंथीच्या नव्या सुनेने तिला विचारलं होतं, "मावशी, तुम्हाला रोज उठवतं तरी कोण?"

"तांदूळ," बुआवान म्हणाली. "निजायच्या आधी तांदूळ भिजत घालायचे. भिजवलेले तांदूळ नासू देशील का? नाही ना? मग उठशीलच. सवय लावायची तर मनाला वचन देऊ नये बाई, मन लबाड असतं. तांदळाला द्यावं."

तुई मिसरूड फुटायच्या वयात चीवर उतरवून घरी आला आणि थोड्याच दिवसांत बापाच्या सांगण्यावरून नदी ओलांडून पलीकडे, थायलंडात गेला. तिथे समुद्रावर मासेमारीच्या मोठ्या बोटींवर काम मिळतं. सुरुवातीला फोन यायचे. मग ते लांबले, मग बंद झाले. बुआवानची सवय मात्र सुटली नाही. मी उठते आहे तोवर तो आहे, असं तिने मनाशी धरलं होतं. हे ती कुणाला सांगत नसे.

घास घालून झाले की भिक्खू जरा पुढे थांबून पाठ म्हणतात, आणि चटईवरच्या बायका छोट्या झारीतून पाण्याची धार सोडतात. जे गेले त्यांची नावं घ्यायची. धरणी ते पाणी त्यांच्यापर्यंत नेते आणि सकाळच्या घासाचं पुण्य त्यांच्या पोटात पडतं. बुआवान आईचं, बापाचं, सासूचं नाव घ्यायची आणि झारी खाली ठेवायची.

एकदा चंथी भीत भीत म्हणाली, "रागवू नकोस हं. इतकी वर्षं झाली, तुईचंही नाव घेत जा. ज्याच्यासाठी कुणी पाणी सोडत नाही, तो उपाशी फिरतो म्हणतात."

"जित्या पोराचं नाव पाण्यात घालू? चंथी, तुझ्या जिभेला काही हाड?"

त्यानंतर बरेच दिवस बुआवान आपली चटई लांब पसरत होती.

२

पावसाळा सरून नदीवर धुकं धरायला लागलं तेव्हाची गोष्ट. सकाळ रोजच्यासारखीच होती. खांद्यावर शेला, मांडीवर भाताची वेताची करंडी, समोर गारठलेला रस्ता. ओळ आली. पात्राचं झाकण सरकायचं, घास पडायचा, झाकण बंद व्हायचं. मोठ्या माणसाच्या कमरेशी लटकलेल्या पात्रासाठी बसल्या जागेवरून हात उंच न्यावा लागतो. पोरं आली की तो थोडा खाली येतो. बुआवानचा हात हे सारं आपण होऊन करी. तिला त्यात लक्ष घालावं लागत नसे.

शेवटचा पोरगा पुढे गेला. चंथीने करंडीचं झाकण लावलं. आणि बुआवानच्या हाताने आणखी एक घास मोडला, पुढे नेला आणि सोडला.

अगं बाई, चुकले की, असं म्हणून ती स्वतःशीच हसली. हाताला खोड लागली, दुसरं काय! सांडलेला भात उचलायला ती वाकली. भात नव्हता. चटईवर नव्हता, चटईपुढच्या मातीत नव्हता. चिकट भात आहे, बोटांनाच राहिला असेल म्हणून तिने बोटं पाहिली. बोटं स्वच्छ होती.

"काय हरवलं गं?" चंथीने विचारलं.

"काही नाही. कुत्रं येऊन गेलं का इथनं?"

"या थंडीत कुत्रं? कुत्र्यांना आपल्यापेक्षा जास्त अक्कल असते."

पाठ सुरू झाला म्हणून बुआवानने झारी उचलली. कुत्रं नसेल तर कोंबडी असेल. धुक्यात काय दिसतंय? तिने हे स्वतःला घरी पोचेपर्यंत दोन-तीनदा सांगितलं.

३

दुसऱ्या दिवशी ती सावध राहिली. शेवटचा पोरगा गेला आणि तिने मुठी मांडीवर घट्ट आवळून धरल्या. काहीच झालं नाही. पण समोरून कुणी पुढेही गेलं नाही. आपल्यापुढे कुणीतरी उभं असलं की डोळे मिटूनही जे कळतं, ते तिला कळत होतं. घास मिळाल्याशिवाय ते हलणार नव्हतं. शेवटी तिची मूठ सुटली.

या खेपेला तिने आवाज ऐकला. ती वर्षानुवर्षं हे करत आली होती, पात्रांचे आवाज तिच्या कानात बसले होते. ओळ तिच्यापर्यंत येते तेव्हा अर्धा रस्ता झालेला असतो. पात्रं भरत आलेली असतात आणि भातावर भात पडला तर आवाज होतच नाही. हा आवाज झाला होता. लोखंडी पात्राच्या तळाशी पहिला घास पडतो, तसा तो पोकळ वाजला.

आणि हातही वर गेला नव्हता. छातीसमोर सरळ गेला होता. आता विहारात इतक्या बुटक्या चणीचं पोर कुणी नव्हतं. इतक्या खालच्या उंचीवर तिने आयुष्यात एकाच भिक्खूला घास घातला होता.

ती भ्यायली, हे खरं. पण खोटं कशाला सांगा, भीतीच्या मागोमाग तिला आनंद झाला. तुई तिकडे कुठल्या तरी बंदरात बसला असेल, त्याला आईची आठवण येत असेल, आणि ती आठवणच अशी येऊन उभी राहत असेल. माणसाचे प्राण अंगातून निघून हिंडतात, म्हातारी माणसं दोरा बांधून त्यांना परत बोलावतात, हे तर गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. जिवंत माणसाचेच ना ते? मग झालं तर.

ती जास्त तांदूळ भिजवू लागली. शेवटचा घास मोठा करू लागली. केळं घालून पानात वाफवलेला गोड भात तुईला आवडायचा, तोही करून नेला. तरी आवाज रोज तसाच येई. काल एवढं घातलं, परवा एवढं घातलं, पण पात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा रिकामंच वाजायचं. रस्त्याला एवढ्या बायका बसतात, आणि तिच्याआधी कुणीच त्यात काही टाकलेलं नसायचं. त्या आवाजाचा अर्थ तिला कळत नव्हता असं नाही. ती तो मनाला शिवू देत नव्हती.

४

तिचा नवरा खामफुई ओसरीवर मासे धरायचं जाळं दुरुस्त करत बसायचा. पूर्वी तोही पहाटे तिच्याबरोबर चटईवर यायचा. मग एका वर्षी गुडघा धरला म्हणून जे थांबला ते थांबलाच. ती परतायची तेव्हा तो परसात चिंचेच्या बुंध्याशी तांब्या घेऊन उभा असायचा. म्हातारपणी झाडाचा लळा लागलाय, असं ती म्हणायची.

आनंद एकटीने किती दिवस पोटात ठेवणार? एका सकाळी ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "अहो, तुई येतो."

खामफुईच्या हातातली सुई थांबली. "कोण येतो?"

"आपला तुई. ओळीत येतो, शेवटी. हसू नका."

तो हसला नाही. तिने सगळं सांगितलं. हात कसा खाली जातो, भात कसा दिसेनासा होतो, सगळं. तो जाळ्याकडे बघत ऐकत होता. "आणि पात्र?" त्याने विचारलं.

"रिकामं वाजतं हो. रोज. मी एवढं घालते तरी."

खामफुईने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलायला लागले तेव्हा तिला आधी वाटलं, हसतोच आहे मेला. मग तो म्हणाला, "म्हणजे पोचत नाही."

"काय पोचत नाही?"

"पाणी."

मग त्याने सांगितलं. वरच्या अंगाच्या गावचा एक जण तुईच्याच बोटीवर होता. तो परत आला आणि त्याने खामफुईला होडीच्या धक्क्यावर गाठलं. जाळं ओढताना तुईचा पाय अडकला आणि तो जाळ्याबरोबर पाण्यात गेला. बोट थांबली नाही. या गोष्टीला आता वर्षं लोटली होती.

बुआवान ओरडली नाही. "मला का नाही सांगितलंत?" एवढंच म्हणाली.

"तू उठली नसतीस गं. तू कशाच्या जोरावर उठतेस, मला दिसत नव्हतं का?"

"आणि तुम्ही काय केलंत?"

"रोज पाणी सोडतो त्याच्या नावाने. चिंचेखाली."

"आणि घास?"

तो जाळ्यातली एक गाठ सोडवू लागला.

"अहो, मी विचारतेय. घास कोण घालतं?"

"मला राग आला होता," खामफुई म्हणाला. "पोरगा त्यांच्या ओळीत चालला, आपण जन्मभर घास घातले, आणि ती बोट थांबलीसुद्धा नाही. म्हटलं, आता या हाताने एक दाणा घालणार नाही. पण पाणी सोडल्यावाचून राहवेना. तू घालतेसच की घास, म्हटलं एका घरातलंच आहे."

"मी घालते तो माझा. तो मी माझ्या आईबापाला दिला, तुमच्या आईला दिला. तुम्ही जे पुण्य पाण्याबरोबर सोडत होतात ते तुमच्यापाशी होतंच कुठे?" तिचा आवाज फाटला. "तुम्ही चिंचेला पाणी घातलंत, अहो. इतकी वर्षं नुसतं चिंचेला पाणी घातलंत."

५

दिवसभर घरात कुणी चूल पेटवली नाही. चंथी डोकावून गेली, "भांडलात का गं?" म्हणून विचारून गेली. बुआवानने नुसती मान हलवली. अंगणातल्या कोंबड्या दाण्यासाठी तिच्या पायांशी घुटमळत होत्या, तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

दिवस कलल्यावर खामफुईने स्वतः तांदूळ निवडले आणि भांड्यात भिजत घातले. "उद्या मी येतो," तो म्हणाला. "मीही घास घालतो. मग दोघं मिळून त्याच्या नावाने पाणी सोडू. नीट, रीतीप्रमाणे."

"उद्या नको," बुआवान म्हणाली.

"का?"

"पोट भरलं की तो येणार नाही."

खामफुई तिच्याकडे बघत राहिला. "अगं, तो उपाशी आहे."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे आणि..."

"मी त्याला विहारात दिला. तुम्ही त्याला नदीपलीकडे पाठवला. आता तो आपल्या पायांनी माझ्यासमोर येऊन उभा राहतोय, आणि मी त्याला हाताला धरून लावून देऊ? थोडे दिवस राहू द्या. घास मोठा करीन मी."

"तुझ्या मोठ्या घासाने भरतंय का पात्र?"

तिने भिजवलेल्या तांदळावर झाकण ठेवलं. आपण बोललो ते आईचं बोलणं नव्हे, हे तिला कळत होतं. पण ते खरं होतं, आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती, याचंच तिला भय वाटलं.

६

सकाळी दोघं चटईवर बसले. खामफुईला पाहून चंथीने भुवया उंचावल्या. "आज सूर्य पश्चिमेला की काय?" तिने थट्टा केली, पण त्याच्या तोंडाकडे पाहून पुढे बोलली नाही. धुकं इतकं दाट होतं की नदी तर सोडाच, समोरचं कुंपणही दिसत नव्हतं.

झारी खामफुईने आपल्या गुडघ्यापाशी ठेवली होती. आज तो नाव घेणार, हे बुआवानला ठाऊक होतं. तिने बोलून उपयोग नव्हता.

ओळ आली. नवऱ्याचा हात अनेक वर्षांनी उठत होता, अडखळत होता. थोरले गेले, तरुण गेले, पोरं गेली. शेवटच्या पोराची पावलं धुक्यात दिसेनाशी झाली आणि रस्ता शांत झाला. बुआवानच्या बोटांनी घास मोडला. हात छातीसमोर सरळ गेला.

पोकळ आवाज झाला. खामफुईचा श्वास शेजारी अडकला. त्यालाही तो ऐकू आला होता.

आजच्यानंतर तो येणार नाही. उद्या नाही, कधीच नाही. बुआवानने जन्मभर पाळलेली रीत मोडली आणि नजर वर केली. सगळी नाही. पात्रापर्यंत गेली, थोडी त्यापुढे गेली आणि मग तिने डोळे मिटून घेतले.

चीवर आठ वर्षांच्या मुलाचं होतं. तेच तोकडं, तिच्या ओळखीचं. त्यातून बाहेर आलेली मनगटं पोराची नव्हती. ती मोठ्या बाप्याची होती, लांब, पाण्याने फुगलेली, आणि काठावरून धरलेलं पात्र त्यांना खेळण्याएवढं होत होतं. गुडघे दुमडलेले होते. पाठ मोडेल इतकी वाकलेली होती. मान छातीत खुपसलेली होती. ते सगळं अंग कसंबसं आखडून खाली आणलं होतं आणि त्या श्रमाने ते थरथरत होतं.

तिला कळायला वेळ लागला नाही. तिचा हात जिथे येतो तिथे पोचायला तो वाकत होता. तो मोठा झाला तरी तिच्या हाताला पहिल्या दिवसाएवढाच होता. रोज, या थंडीत, उपाशीपोटी, तो आईच्या हाताएवढा लहान होऊन उभा राहत होता.

"अरे माझ्या राजा," ती पुटपुटली. "पाठ दुखेल रे."

पुढे भिक्खूंनी पाठ सुरू केला. खामफुईने झारी उचलली. बुआवानने डोळे न उघडताच हात पुढे केला.

"द्या इकडे. घास माझ्या हातचा घेतलाय त्याने."

झारी देऊन त्याने तिचं कोपर धरलं. पाणी सोडणाऱ्याला धरलं की धरणाऱ्याचाही त्यात वाटा होतो. तिने धार धरली. आधी आईबापाचं नाव यायचं, ते तिने घेतलं नाही. तुईचं घेतलं, तेही मनात नाही, तोंडाने. पोर अंधार पडेपर्यंत नदीवर हुंदडत राहिलं की आई जेवायला हाक मारते, तशी तिने हाक मारली. चंथीने ती ऐकली आणि शेल्याचं टोक तोंडात कोंबलं. "सरळ उभा राहा बाळा," बुआवान म्हणत होती, "आता वाकू नकोस. पोटभर जेव आणि जा." धार बारीक झाली, तुटली. झारीच्या तळाचा थेंबसुद्धा तिने निथळू दिला.

मग तिने मिटल्या डोळ्यांनीच झारी चटईवर ठेवली.

"उभा राहिला का हो?" तिने विचारलं. "नीट उभा राहिला का?"

खामफुई रस्त्याकडे बघत होता. धुकं होतं, त्याखाली ओली माती होती, आणि मोकळी जागा होती. "कोणी नाही आता," तो म्हणाला.

तेव्हा बुआवानने डोळे उघडले आणि तिला रडू फुटलं.